घराच्या फटी मोजणारा पंखा

मुख्य दाराच्या चौकटीत जाड कापड ताणून बसवतात आणि त्याच्या खालच्या भोकात एक मोठा पंखा. बाकीची दारं-खिडक्या बंद. पंखा आतली हवा बाहेर फेकू लागतो. घरातला दाब बाहेरच्यापेक्षा 50 पास्कलनं उतरला, की भिंतीतल्या सॉकेटपाशी हात नेऊन बघा, गार झुळूक बोटांना लागते. 50 पास्कल म्हणजे नळीतलं पाणी जेमतेम 5 मिलिमीटर चढेल एवढा दाब. तेवढ्यानंही घर आपल्या सगळ्या फटी दाखवून देतं.

ही ‘ब्लोअर डोअर’ चाचणी. समजा घरात 375 घनमीटर हवा मावते आणि दाब टिकवायला पंख्याला तासाला 1125 घनमीटर हवा फेकावी लागते. म्हणजे तासाला तीनदा हवा बदलली. या आकड्याला 20 नं भागलं की रोजच्या गळतीचा ढोबळ अंदाज मिळतो.

घर बांधण्याआधीच हे सांगता येईल का? वय, आकार, मजले, बांधणीची पद्धत यांवरून हजारो घरांची सरासरी बऱ्यापैकी सांगता येते, एकेका घराचा अंदाज मात्र चुकतो. एकाच नकाशाची दोन शेजारची घरंही वेगवेगळी गळतात, कारण फटी राहतात त्या सांध्यांत: भिंत पायावर टेकते तिथे, पाइप छतातून जातो तिथे, माळ्याच्या झाकणाभोवती. तिथे कारागिराचा हात कसा चालला, हे नकाशाला कुठून कळणार?

कॅनडातल्या रेजायना शहरात हिवाळ्यात पारा उणे 30 च्याही खाली जातो. तिथे 1977 साली अभियंता हॅरॉल्ड ऑर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक घर उभारलं. भिंती दुहेरी, जवळपास 30 सेंटिमीटर जाड, आणि आत प्लॅस्टिकचा सलग पडदा. त्या काळात चाचणीत आकडा आला तासाला 0.8 वेळा! आजच्या ‘पॅसिव्ह हाउस’ची, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत चालणाऱ्या घरांच्या मानकाची मर्यादा 0.6 आहे. मला हे काम फार मोलाचं वाटतं, कारण प्रश्न फक्त इंधनाचा नाही. फटीतून भिंतीत शिरलेली उबदार, दमट हवा थंड पडते, तिचं पाणी होतं आणि आतलं लाकूड कुजतं.

एवढं बंद घर कोंदट होऊ नये म्हणून रेजायनाच्या घरात उष्णता-विनिमयक बसवला होता. बाहेर जाणारी शिळी हवा आत येणाऱ्या ताज्या हवेला आपली ऊब देऊन जाते. घर हवेशीर राहतं, फक्त हवेची वाट आपण ठरवलेली असते.

नवं घर बांधताना ही चाचणी भिंतींना आतून बोर्ड ठोकण्याआधी एकदा करून घ्यावी. तेव्हा प्लॅस्टिकच्या पडद्याचा सांधा डोळ्यांसमोर असतो आणि सुटलेली टेप तिथल्या तिथे दाबून बसवता येते.