निबंधापासून मुक्तोत्तरी प्रश्नापर्यंत : खान्देशातील प्राथमिक वर्गांच्या लेखनाची पार्श्वभूमी

प्राथमिक शाळेतील मुलांचे परीक्षेतील सर्जनशील लेखन सुधारावे कसे, असे विचारले की खान्देशातील शिक्षक ज्या अडचणी सांगतात, त्यांपैकी बहुतेक 2010 नंतरच्या मूल्यमापन पद्धतीतून आलेल्या आहेत. एक अडचण मात्र त्याहून पुष्कळ जुनी आहे आणि ती मुलाच्या घरच्या बोलीची आहे.

जुन्या काळाविषयी थोडक्यात सांगता येते. इंग्रजी अमदानीत मराठी शाळेचा शेवट व्हर्नाक्युलर फायनल परीक्षेने होत असे आणि तिच्या धाकात शुद्धलेखन व पाठांतर यांपुढे मुलाच्या स्वतःच्या वाक्याला फारसे स्थान नव्हते. याच भागात, अमळनेरच्या एका वसतिगृहात, 1920 नंतरच्या दशकात एका शिक्षकाने मुलांसाठी हस्तलिखित दैनिक चालवले होते. तो परीक्षेबाहेरचा उद्योग होता आणि तो परीक्षेबाहेरच राहिला. पुढे पाठ्यपुस्तके राज्यभर एक झाली, तसे निबंधाचे विषयही एक झाले. त्यामुळे यावल-रावेरच्या केळीच्या बागांत वाढलेले मूलही समुद्रकिनाऱ्यावरची सकाळ गाइडमधून पाठ करून लिहू लागले. ज्याने समुद्र पाहिला नाही त्याने तो लिहावा आणि आखाजीचा (अक्षय तृतीयेचा) झोका किंवा सारंगखेड्याचा घोडेबाजार पाहिला असूनही त्यावर लिहू नये, हे कोणी ठरवले नव्हते, पण वर्षानुवर्षे तसेच होत आले.

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि त्याच वर्षी राज्याने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन स्वीकारले. पहिली-दुसरीसाठी आकारिक म्हणजे वर्गात सतत चालणाऱ्या मूल्यमापनाला 70 टक्के व संकलित म्हणजे सत्राच्या शेवटी होणाऱ्या मूल्यमापनाला 30 टक्के भार, तिसरी-चौथीसाठी 60 व 40, पाचवी-सहावीसाठी 50 व 50, असे प्रमाण ठरले. तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय, पुस्तक उघडे ठेवून देण्याची चाचणी ही आकारिक साधने होती. लेखनाच्या दृष्टीने यात मोठी संधी होती, कारण मूल आधी बोलते, मग सांगितलेले लिहिते आणि लिहिलेले दुरुस्त करते, हा क्रम तासाभराच्या लेखी परीक्षेत बसत नाही, पण सहामाहीभर चालणाऱ्या नोंदीत सहज बसतो. प्रत्यक्षात वर्णनात्मक नोंदींची वही ठराविक वाक्यांनी भरली जाऊ लागली आणि ‘स्वतःच्या शब्दांत लिहितो’ ही ओळ अनेक वह्यांत मुलामुलांगणिक बदललीच नाही.

याच काळात ‘मुक्तोत्तरी प्रश्न’ हा शब्द शिक्षकांच्या तोंडी रुळला आणि बराचसा गोंधळ याच शब्दाभोवती आहे. ज्याचे एकच ठरलेले उत्तर नसते आणि ज्यात मुलाला स्वतःचा अनुभव, कारण किंवा कल्पना मांडावी लागते, असा प्रश्न म्हणजे मुक्तोत्तरी प्रश्न. ‘तुमच्या गावातील नदी बोलू लागली तर ती काय सांगेल’ हा त्याचा नमुना म्हणता येईल. काही शिक्षकांनी त्याचा अर्थ ‘काहीही लिहिले तरी बरोबर’ असा घेतला, तर काहींनी त्याला निबंधाचेच छोटे रूप मानून सुरुवात, मध्य व शेवट यांचे साचे फळ्यावर लिहून दिले. प्रश्नाचे उत्तर मुक्त असले तरी ते तपासण्याचे निकष मुक्त नसतात, ही गोष्ट दोन्हीकडे सुटली. विषयाला धरून लिहिले आहे का, एखादा तपशील मुलाचा स्वतःचा आहे का, वाक्ये एकमेकांना जोडलेली आहेत का, एवढे तीन निकष मुलांना आधी सांगितले आणि एका वेळी एकाच निकषावर वही तपासली, तरी लेखन सुधारू शकते. लाल शाईने एकाच वेळी सगळ्या चुका दाखवल्या की पुढच्या खेपेला मूल कमी लिहिते, असा अनुभव कोणताही जुना शिक्षक सांगेल. उत्तरांचे नमुने विकत मिळू लागल्यावर मात्र मुक्तोत्तरी प्रश्नही पाठांतराचा झाला, आणि हा दोष प्रश्नापेक्षा तपासणीचा अधिक आहे.

बोलीचा प्रश्न येथेच येऊन भिडतो. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतील मुलांच्या घरी अहिराणी, लेवा गणबोली, गुजरी, भिलोरी, पावरी, मावची अशा निरनिराळ्या बोली आहेत, आणि 2011 च्या जनगणनेत ‘खान्देशी’ ही मराठीपासून वेगळी भाषा म्हणून नोंदलेली आहे. तिसरीतील मुलाने ‘आम्ही वावरमा (शेतात) गेलो’ असे लिहिले, तर ती चूक धरावी की नाही? शिक्षकांत यावर एकमत नाही. प्रमाण मराठी न शिकवल्यास मुलाचे पुढे नुकसान होईल, ही भीती निराधार नाही. पण पहिल्या खर्ड्यात बोली चालू द्यावी आणि पक्क्या लेखनात तिचे प्रमाण रूप मुलाबरोबर बसून शोधावे, ही वाट अधिक शहाणपणाची वाटते. अक्षरओळख नसलेल्या आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी यांनी ज्या बोलीत रचना केल्या, ती बोली त्याच जिल्ह्यातील मुलाच्या वहीत चूक ठरावी, हे थोडे विचित्रच आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने किमान पाचवीपर्यंत शक्य तेथे घरची भाषा हे माध्यम असावे असे म्हटले, तरी उत्तरपत्रिकेतील बोलीचे काय करायचे, हा प्रश्न त्याने सुटला नाही.

दरम्यान पालकांचे लक्ष दुसरीकडे गेले आहे. शिष्यवृत्ती परीक्षा 2016-17 पासून काही वर्षे चौथीऐवजी पाचवीत घेतली गेली; तिच्या पहिल्या पेपरात भाषेचे 25 प्रश्न असून ते सर्व बहुपर्यायी आहेत. नवोदय प्रवेश परीक्षेतही भाषेचे 20 प्रश्न उताऱ्यांवरचे आणि बहुपर्यायीच असतात. ज्या परीक्षांसाठी शिकवण्या लावल्या जातात, त्यांत मुलाला एकही वाक्य स्वतः लिहावे लागत नाही. 2023-24 पासून पाचवीला वार्षिक लेखी परीक्षा परत आली आणि अनुत्तीर्ण मुलांसाठी पुनर्परीक्षेची तरतूद झाली. तिच्या उत्तरपत्रिका शाळेतच तपासल्या जातात, म्हणून ‘वावरमा’ या शब्दाखाली रेघ ओढायची की नाही, हे आजही त्या वर्गाचे शिक्षकच ठरवतात.