न्यायिक विभक्तता व विवाहशून्यता

हिंदू विवाह अधिनियम, १९५५ यात घटस्फोटाखेरीज असलेले हे दोन स्वतंत्र उपाय. न्यायिक विभक्ततेत (कलम १०) विवाह टिकतो, मात्र पतिपत्नींवरील एकत्र राहण्याचे बंधन उरत नाही. विवाहशून्यतेत (कलमे ११ व १२) विवाह मुळातच झाला नाही असे न्यायालय ठरवते.

१९७६ च्या दुरुस्तीपासून न्यायिक विभक्तता व घटस्फोट यांची कारणे एकच आहेत : क्रूरता, व्यभिचार, दोन वर्षांचा परित्याग इत्यादी. विभक्ततेच्या हुकूमनाम्यानंतर (न्यायालयाच्या निर्णायक आदेशानंतर) एक वर्ष सहजीवन पुन्हा सुरू झाले नाही, तर दोघांपैकी कोणीही घटस्फोट मागू शकतो. तोवर दुसरे लग्न करता येत नाही आणि एकमेकांचा वारसाहक्कही शाबूत राहतो. विभक्त राहणाऱ्या पत्नीशी तिच्या संमतीविना केलेला संभोग भारतीय न्याय संहितेच्या कलम ६७ नुसार गुन्हा आहे. नोटरीसमोर मुद्रांकावर लिहून घेतलेला फारकतनामा या हुकूमनाम्याची जागा घेऊ शकत नाही. केवळ कागदाने विवाह सुटतही नाही. जातीतील काडीमोडीची रूढी सिद्ध झाली, तरच रूढीने झालेल्या घटस्फोटाला मान्यता देणाऱ्या कलम २९ चा आधार मिळतो.

पहिला जोडीदार हयात असताना व पहिला विवाह कायम असताना झालेला, किंवा निषिद्ध नात्यातील अथवा सपिंडांतील (जवळचा पूर्वज सामाईक असलेल्यांतील) विवाह शून्य, म्हणजे मुळापासून अवैध होय. नात्याच्या निषेधाला मात्र रूढीचा अपवाद आहे. भावाबहिणीची मुले परस्परांना कायद्याने वर्ज्य असली, तरी महाराष्ट्रातील अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न रूढ आहे, आणि दोन्ही पक्षांना लागू असलेली तशी रूढी शाबीत झाल्यास तो विवाह वैध ठरतो. कलम ११ खालील अर्ज त्या विवाहातील दोघांपैकी एकालाच करता येतो. त्यामुळे ज्या पहिल्या पत्नीला नवऱ्याचे दुसरे लग्न सर्वाधिक जाचते, तिलाच या कलमाचा उपयोग नाही आणि दुसरे लग्न शून्य असल्याच्या घोषणेसाठी तिला वेगळा दावा लावावा लागतो.

शून्यनीय (रद्द करून घेता येण्याजोगा, कलम १२) विवाह रद्द होईपर्यंत वैधच असतो. सामनेवाल्याच्या (ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्या जोडीदाराच्या) नपुंसकत्वामुळे शरीरसंबंध न होणे, कायद्यात वर्णिलेली मानसिक अपात्रता, बळजबरीने वा कपटाने मिळवलेली संमती आणि विवाहसमयी वधूला परपुरुषापासून असलेली गर्भधारणा ही त्याची कारणे. विवाहाच्या पात्रतेतील अपस्माराचा (फेफऱ्याचा) अडसर १९९९ मध्ये काढून टाकण्यात आला. कपटाची व्याप्ती १९७६ मध्ये वाढली. विधीच्या स्वरूपाबरोबरच सामनेवाल्याविषयीच्या महत्त्वाच्या वस्तुस्थितीबाबतची फसवणूकही त्यात आली. सोयरीक जुळवताना केलेली प्रत्येक अतिशयोक्ती अर्थातच कपट ठरत नाही. फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि कळल्यानंतरही स्वखुशीने संसार चालू ठेवला असेल तर तो फेटाळला जातो. वयाची अट मोडल्याने मात्र या अधिनियमाखाली विवाह शून्य वा शून्यनीय होत नाही. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ नुसार अल्पवयीन पक्षाला सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांपर्यंत तो रद्द करून घेता येतो.

‘विवाह झालाच नाही’ ही कल्पना कायद्याने शेवटपर्यंत नेलेली नाही, आणि ते योग्यच होय. कलम १६ नुसार अशा विवाहातील अपत्ये औरस मानली जातात. त्यांचा हक्क आईवडिलांच्या मालमत्तेपुरता असतो. परंतु वडिलोपार्जित मिळकतीत काल्पनिक वाटपाने (मृत्यूपूर्वी वाटणी झाली असे कायद्याने मानून) वडिलांच्या वाट्याला आलेला हिस्साही त्यात येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ठरवले. पोटगीबाबत न्यायालयांत दीर्घकाळ मतभेद होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने शून्य विवाहातील स्त्रीसाठी ‘अवैध पत्नी’ असा शब्दप्रयोग केला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो स्त्रीद्वेष्टा व प्रतिष्ठेला बाधक ठरवला आणि शून्य विवाहातील जोडीदारालाही कलम २५ खाली कायम पोटगी मागता येते, असा निर्णय दिला. ती द्यायची की नाही, हे पक्षकारांचे वर्तन व परिस्थिती पाहून न्यायालय ठरवते.

गोव्यात हा अधिनियम लागू नाही; तेथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो.