‘शू झाली’ आणि ‘शू आली’

माझ्या भाचीच्या मुलीला प्लेग्रुपमध्ये घालायचे ठरले, तेव्हा प्रवेश-अर्जात एक प्रश्न होता : ‘मूल डायपरशिवाय राहते का? होय / नाही.’ मुलगी दोन वर्षे चार महिन्यांची. एवढ्या एका ओळीवरून घरात दोन तट पडले. पणजीचे म्हणणे असे, की आम्ही मुलांना तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून मोरीच्या कडेला पायांवर बसवत होतो आणि वर्षाच्या आत दुपटी ओली होणे थांबत होते; हल्लीच्या मुलांना डायपरनेच आळशी केले. आईच्या मोबाइलवर मात्र ‘तीन दिवसांत डायपरमुक्ती’ अशी जाहिरात येऊन पडली होती. दोघींच्या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. पण मूल तयार झाले आहे का, या प्रश्नाचे उत्तर त्यांपैकी कशातच मिळत नाही.

ते उत्तर आपल्या भाषेत मात्र नेमके सापडते. लहान मूल आधी ‘शू झाली’ असे सांगायला शिकते आणि नंतर काही महिन्यांनी ‘शू आली’ असे म्हणू लागते. पहिल्या वाक्यात घडून गेलेल्या घटनेची वार्ता आहे, तर दुसऱ्यात घडू पाहणाऱ्या घटनेची पूर्वसूचना. या दोन क्रियापदांच्या मधल्या काळात मुलाच्या मेंदूत जे घडते, त्यालाच मी तयारी म्हणतो.

मूत्राशय ही स्नायूंची पिशवी आहे. तिच्या तोंडाशी दोन झडपा असतात. आतली आपोआप चालते आणि बाहेरची इच्छेने आवळता येते. पिशवी भरत असताना तिच्या भिंतीचा स्नायू सैल राहिला पाहिजे आणि झडपा घट्ट मिटल्या पाहिजेत. रिकामी होताना याच्या अगदी उलट घडले पाहिजे. ही अदलाबदल एकाच क्षणी झाली नाही, तर भिंत दाबते आहे आणि झडप मिटलेली आहे, अशी ओढाताण होते. हा ताळमेळ राखणारे केंद्र मस्तिष्कस्तंभातील, म्हणजे मेंदूला मेरुरज्जूशी जोडणाऱ्या देठातील, पॉन्स या भागात आहे, हे ब्रिटिश संशोधक फ्रेडरिक बॅरिंग्टन यांनी १९२५ मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले. माणसातही तोच भाग लघवीच्या वेळी सक्रिय होतो, हे १९९७ मध्ये नेदरलँड्समधील ब्लोक आणि होल्स्टेगे यांच्या गटाने मेंदूच्या चित्रणातून दाखवून दिले. मूत्राशयाची भिंत ताणली गेली, की तिच्यातील चेतातंतू ती वार्ता मेरुरज्जूच्या तळाशी, म्हणजे त्याच्या त्रिक (सेक्रल) भागातील दुसऱ्या ते चौथ्या खंडांपर्यंत पोचवतात. तेथून ती मध्यमेंदूतील करड्या द्रव्यापर्यंत चढते आणि ताण पुरेसा वाढला, की पॉन्समधील केंद्राला इशारा मिळतो. मग तेथून खाली दोन आज्ञा एकदमच निघतात. पहिलीने भिंत आकुंचन पावते. दुसरी आज्ञा बाहेरच्या झडपेला आवळून धरणाऱ्या चेतापेशींच्या लहानशा समूहाला, ज्याला ओनुफचे केंद्रक म्हणतात, गप्प करते.

वाचकाने पेशींची नावे विसरली तरी चालेल. पण या साखळीवर कपाळामागच्या अग्रखंडाचा पहारा असतो, हे ध्यानात ठेवावे. मोठ्या माणसाला एस.टी.त बसल्या-बसल्या जाणीव होते आणि तरी तो पुढच्या थांब्यापर्यंत कळ काढतो, ती या पहाऱ्याच्या बळावर. ‘आत्ता नको’ हा नकार अग्रखंड सतत खाली पाठवत असतो आणि योग्य जागा मिळाल्यावर तो मागे घेतो. दोन वर्षांच्या मुलात हा नकार नुकता उमलू लागलेला असतो. त्यातून पिशवीही लहान. वयात दोन मिळवून तीसने गुणावे, म्हणजे मूत्राशयाची क्षमता मिलिलिटरमध्ये मिळते, असा डॉक्टरांचा ढोबळ हिशेब आहे. त्यानुसार दोन वर्षांच्या मुलात ती सुमारे १२० मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक कप चहाएवढी भरते.

तान्ह्या बाळाची लघवी केवळ मेरुरज्जूच्या प्रतिक्षिप्त क्रियेने होते, मेंदूचा तिच्याशी संबंध नसतो, असे पूर्वी पुस्तकांत लिहिलेले असे. पुढे नवजात बालकांच्या निरीक्षणातून दिसले, की गाढ झोपेत ती सहसा लघवी करत नाहीत; त्याआधी चुळबुळतात, रडतात, निदान क्षणभर जागी होतात. म्हणजे वार्ता मेंदूपर्यंत पहिल्या दिवसापासून पोचते. पणजीची पद्धत याच दुव्यावर चालत असे. बाळ दूध पिऊन उठले, की त्याला दोन पावलांवर टेकवायचे आणि ‘श्शूऽऽ’ असा आवाज करायचा. काही आठवड्यांत तो आवाज आणि ती बैठक यांची लघवी सुटण्याशी सांगड बसते. पूर्व आफ्रिकेतील डिगो समाजाचा अभ्यास करणाऱ्या डीव्ह्रीस दांपत्याने १९७७ मध्ये नोंदवले, की तेथील माता जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच असे शिक्षण सुरू करतात आणि बाळे चार-सहा महिन्यांत बरीचशी कोरडी राहू लागतात. हे खरेच आहे. मात्र अशा शिक्षणात वेळ ओळखण्याचे काम मोठे माणूस करते आणि बाळ सोडायला शिकते. धरून ठेवणे ही निराळी विद्या आहे. घरात दिवसभर बाळाच्या चुळबुळीकडे लक्ष ठेवणारे कोणी असेल, तर पणजीच्या पद्धतीत काहीच वावगे नाही.

तीन दिवसांच्या जाहिरातींचा उगमही एका खऱ्या प्रयोगात असावा. अमेरिकेत फॉक्स आणि अझ्रिन यांनी १९७३ मध्ये ३४ मुलांना सरासरी चार तासांहूनही कमी वेळात शिकवल्याचे प्रसिद्ध केले. पण ती मुले २० महिन्यांच्या पुढची आणि सांगितलेले समजून तसे वागू शकणारी होती, हे जाहिरातीत येत नाही. त्याआधी १९६२ मध्ये बालरोगतज्ज्ञ ब्रेझल्टन यांनी १,१७० मुलांच्या नोंदींवरून मुलाच्या कलाने जाण्याची पद्धत मांडली होती. नोंदींतील त्या मुलांना दिवसाचे नियंत्रण सरासरी २८.५ महिन्यांनी आले. सरासरी म्हणजे अंतिम मुदत नव्हे, हे प्लेग्रुपच्या चालकांना कोणीतरी सांगायला हवे.

मग घरी पाहायचे काय? डायपर सलग दीड-दोन तास कोरडा निघू लागला, तर पिशवीत साठा राहू लागला आहे. खेळता-खेळता मूल एकाएकी थबकते, हातातला खुळखुळा तसाच धरून पडद्याआड किंवा कपाटाच्या कोपऱ्यात जाते, नजर कुठेतरी दूर लागते आणि गाल लाल होतात. ही बहुधा शी येत असल्याची जाणीव होय. चड्डी खाली ओढता येणे आणि दोन मिनिटे एका जागी बसता येणे ही त्याच्या जोडीची गरज.

शीच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. कडक शी होऊन एकदा दुखले, की मूल ती दाबून धरते. साठलेली शी आणखी कडक होते, ताणून रुंदावलेल्या गुदाशयाची जाणीव बोथट होते आणि शेजारच्या मूत्राशयावरही दाब येतो. अशा मुलाला रागावून बसवण्याआधी बद्धकोष्ठ बरे करावे. जेवणानंतर आतड्यांना आपोआप चालना मिळते, म्हणून त्या वेळी बसवावे. मोठ्या कमोडवर बसवल्यास पाय लोंबकळू न देता खाली पाट द्यावा.

रात्रीचे गणित स्वतंत्र आहे. झोपेत मूत्रनिर्मिती कमी होणे आणि भरल्या मूत्राशयाने जाग येणे, या गोष्टी शिकवून येत नाहीत. पाच वर्षांच्या मुलांपैकीही सुमारे १५ टक्के अंथरूण ओले करतात. कोरडे राहू लागलेले मूल पुन्हा ओले करू लागले, तर मात्र आपल्याकडे मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली जाते. ओवाळण्याने कोणाचे बिघडत नाही, पण लघवीची तपासणी लांबणीवर पडते, ती पडू नये. कारण घरात आलेले नवे बाळ असू शकते, तसाच मूत्रमार्गाचा संसर्गही असू शकतो. आणि सोबत तहान फार लागून वजन घटत असेल, तर मधुमेहाची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

अर्ज भरायच्या संध्याकाळी ती मुलगी बाहुली टाकून धावत आली आणि ‘आई, शू आली’ म्हणाली. मोरीपर्यंत पोचेपर्यंत पॅसेजची फरशी ओली झाली. आईने फरशी पुसली आणि ‘नाही’वर खूण केली.