मोगरा (परसबागेतील लागवड)

मोगरा हे पारिजातक कुळातील बहुवर्षायू, सुगंधी फुलांचे झुडूप आहे. शास्त्रीय नाव जॅस्मिनम सॅम्बॅक. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये ते पारिजातकाच्याच प्रजातीत (जीनसमध्ये) घातले होते; वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम एटन यांनी १७८९ मध्ये ते जाई-जुईच्या प्रजातीत आणले. मोगऱ्याच्या प्रकारांपैकी बटमोगऱ्याची कळी गोल व भरगच्च, तर मदनबाणाची लांबट, टोकदार असते. कळ्या संध्याकाळी उमलू लागतात, म्हणून गजऱ्यासाठी त्या मिटलेल्या असतानाच खुडतात.

घरच्या मोगऱ्याबद्दल नेहमीची तक्रार म्हणजे पाने भरपूर, फूल एकही नाही. बहुतेक वेळा याचे कारण दुर्लक्ष नसून अतिलाड असतो. मोगऱ्याला फूल येते ते नव्या फुटीच्या शेंड्यावर. जुनी फांदी तशीच ठेवून रोज पाणी आणि वर नत्रयुक्त खत घातले, की झाड नुसते पाल्यावर जाते. म्हणून संत्र्या-डाळिंबाचे बागायतदार ताण देऊन (काही काळ पाणी तोडून) बहर धरतात, तसेच इथेही करावे लागते. थंडीत दोन-तीन आठवडे पाणी तोडायचे, पाने पिवळी पडून गळू लागली की झुडूप जमिनीपासून साधारण हात-दीड हातावर छाटायचे आणि राहिलेली पाने काढून टाकायची. मग मुळांजवळची माती हलवून शेणखत घालायचे व पाणी सुरू करायचे. पहिल्यांदा छाटताना हात धजावत नाही, पण हीच छाटणी उन्हाळ्याचा बहर ठरवते. बहर ओसरल्यावर शेंडे थोडे खुडले, तर पुढची फूटही कळ्या घेऊन येते.

दिवसाला पाच-सहा तास थेट ऊन हवेच. गॅलरीत ते नसेल तर दुसरे झाड लावणे बरे. चुनखडीच्या जमिनीत किंवा बोअरचे जड पाणी घातल्यास लोह मिळत नाही. मग कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा वेळी जास्त पाणी घालणे हा उपाय नव्हे. फेरस सल्फेट द्यावे. कळ्या जांभळट होऊन वाळत असतील तर कळी पोखरणारी अळी शोधावी व तशा कळ्या तोडून नष्ट कराव्यात.

लागवडीतल्या मोगऱ्याला बी सहसा धरत नाही. पावसाळ्यात खालची लवचीक फांदी वाकवून, तिचा एक डोळा मातीखाली दाबून वर दगड ठेवला, की दोन-तीन महिन्यांत मुळे फुटतात. मूळ झुडूप दहा-पंधरा वर्षांनी जून होऊन फुले कमी देऊ लागते; त्याआधीच असे एखादे दाबकलम तयार ठेवावे.