पपायरसवरची पत्रिका: मजकूर देण्यापूर्वी एवढं वाचा

लग्न, मुंज, वास्तुशांत किंवा एकसष्टीसाठी पपायरसची, म्हणजे प्राचीन इजिप्तमध्ये पाणवनस्पतीच्या पट्ट्यांपासून करत त्या कागदाची, पत्रिका हवी, अशी विचारणा आमच्या छापखान्यात होऊ लागली आहे. पपायरस देखणा दिसतो आणि हाताला वेगळाच लागतो. पण त्यावर किती छापावं आणि तो कसा सांभाळावा, याची गणितं आर्ट कार्डापेक्षा निराळी आहेत. आधी जुन्या काळी त्यावर आमंत्रणं कशी लिहीत ते पाहू.

इजिप्तमध्ये कैरोच्या दक्षिणेला सुमारे १६० किलोमीटरवर ऑक्सिरिंकस नावाचं शहर होतं. आज तिथे अल-बहनसा हे गाव आहे. १८९६-९७ च्या हिवाळ्यात बर्नार्ड ग्रेनफेल आणि आर्थर हंट या इंग्रज अभ्यासकांनी तिथले जुने उकिरडे खणायला घेतले. पाऊस नसल्यातच जमा, त्यामुळे शतकानुशतकं फेकलेले पपायरसचे तुकडे कोरड्या मातीत टिकून होते. करारनामे, पावत्या, घरगुती पत्रं आणि त्यांतच जेवणाची आमंत्रणं निघाली, बहुतेक ग्रीक भाषेतली.

इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातल्या एका चिठ्ठीचा मजकूर असा: मुलांच्या लग्नानिमित्त हेराईस आपल्याला घरी जेवायला बोलावते आहे, उद्या, म्हणजे ५ तारखेला, नवव्या तासापासून. संपलं. सूर्योदयापासून मोजलेला नववा तास म्हणजे साधारण दुपारचे तीन. चिठ्ठी तळहातावर मावेल एवढी. अशा बहुतेक चिठ्ठ्यांत पाहुण्याचं नावच नसतं, म्हणजे एकच मजकूर कितीही घरांना चालावा. आणि बोलावणं उद्याचं, तेव्हा ती हातोहातच पोचवायची. आपल्याकडे अक्षत घेऊन घरोघर जातात तेव्हाही खरं बोलावणं तोंडीच असतं.

त्याआधीच्या, दुसऱ्या शतकातल्या एका आमंत्रणात खैरेमोन नावाचा गृहस्थ सरापिस देवाच्या पंगतीला, देवळातच, बोलावतो. जर्मनीतल्या कोलोनच्या संग्रहातल्या एका चिठ्ठीत तर यजमान माणूस नाहीच. देव स्वतः आपल्याला जेवायला बोलावतो आहे. आपल्या पत्रिकेत कुलस्वामी, कुलस्वामिनी माथ्यावर असतात. तिथे देवाने थेट निमंत्रकाची जागा घेतली आहे, आणि आम्हाला सगळ्या चिठ्ठ्यांत हीच सर्वांत जवळची वाटते.

म्हणून आमचं स्पष्ट मत: पपायरस घेणार असाल तर मजकूर थोडका ठेवा. कोण बोलावतं, कशासाठी, कुठे, कोणत्या दिवशी, किती वाजता. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’पासून ‘मामाच्या लग्नाला यायचं हं’पर्यंतचा सगळा परिवार हवाच असेल, तर तो आतल्या साध्या कागदावर घेऊ. तिथे तो नीट वाचताही येतो.

आता या कागदाविषयी. पपायरस ही पाणथळ जागी वाढणारी उंच वनस्पती, आपल्या नागरमोथ्याच्या कुळातली. तिची तिधारी दांडी सोलून आतल्या पांढऱ्या गराच्या पट्ट्या काढतात, शेजारी शेजारी मांडतात, त्यावर दुसरा थर आडवा घालतात आणि दाबून वाळवतात. इजिप्तमध्ये ही कला लोप पावली होती. १९६० च्या दशकात हसन रगब यांनी ती पुन्हा उभी केली. बाजारात केळीच्या सोपटाचा मालही पपायरस म्हणून विकला जातो. खरा तुकडा उजेडासमोर धरला की उभ्याआडव्या रेषांची जाळी स्पष्ट दिसते. आमच्या दुकानातला नमुना खिडकीशी नेऊन जरूर पाहा.

छपाई आम्ही स्क्रीनने करतो. पृष्ठभाग खडबडीत असल्यामुळे बारीक टाइपातली जोडाक्षरं भरून येतात, म्हणून अक्षर मोठं लागतं. ज्या बाजूचे धागे आडवे, ती बाजू वर ठेवतो. जुने ग्रीक लेखनिकही पहिली पसंती त्याच बाजूला देत. देवनागरीला ती जास्तच शोभते, कारण शिरोरेषा धाग्यांच्या ओघातच धावते.

पत्रिकेच्या कोपऱ्यांना ओलं हळदकुंकू लावू नका. ओल धाग्यांतून पसरते आणि अक्षरांपर्यंत जाते. कोरडं कुंकू बोटाने टेकवलं तरी पुरे, किंवा पाकिटाला लावा. घडी घालू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. इजिप्तच्या कोरड्या हवेत जे शतकानुशतकं टिकलं, त्याला कोकणातल्या एका पावसाळ्यात बुरशी धरू शकते. जपून ठेवायची प्रत दोन टीपकागदांमध्ये सपाट, कोरड्या कपाटात ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. मंगल कार्य आषाढ-श्रावणात असेल तर आम्ही हातकागद सुचवू.

मजकूर शक्यतो लिहूनच द्या, फोनवर सांगितलेली नावं चुकतात. आधी साध्या कागदावर प्रूफ देतो. घरातल्या दोघांनी तरी ते वाचावं, तारीख आणि वार पंचांगाशी ताडून पाहावेत, मग सही करावी. सही झाल्यावरच पपायरस छपाईला घेतो, कारण त्यावरचं अक्षर खोडून पुन्हा छापता येत नाही.