सीए इंटरचा ग्रुप राहिला? पुढचा फॉर्म भरायच्या आधी हे नक्की बघा

सीए म्हणजे चार्टर्ड अकाउंटंट होण्यासाठीच्या इंटर परीक्षेचा रिझल्ट लागला की लातूर, नांदेड, परभणी, हिंगोलीकडची पोरं एकच विचारायलेत, आता परत रजिस्ट्रेशन करायचं का, परत बारावीची मार्कशीट, परत तेवढी फी? नाही. नव्या योजनेत इंटरचं रजिस्ट्रेशन 5 वर्षं चालतं, ते जिवंत असेल तर फक्त परीक्षेचा फॉर्म नव्यानं भरायचा, पण तो दर अटेम्प्टला भरावाच लागतो, आपोआप काही पुढं जात नाही. आणि फॉर्मच्या आधीची दोन कामं आहेत ज्यांची मुदत रिझल्टच्या दिवशीच सुरू होते. रडून घ्या, दोन-चार दिवस कुणाशी बोलू नका, काही हरकत नाही, पण महिना जाऊ देऊ नका.

पहिलं काम म्हणजे मार्क नीट वाचणं. इंटरचे दोन ग्रुप, एका ग्रुपात तीन पेपर; पास व्हायला प्रत्येक पेपरात 40 आणि ग्रुपच्या 300 पैकी 150 लागतात. समजा ग्रुप 1 मध्ये अ‍ॅडव्हान्स्ड अकाउंटिंगला 62, लॉ 41, टॅक्स 44. तिन्ही पेपर निघाले पण बेरीज 147, म्हणजे अ‍ॅग्रीगेटला 3 मार्कांनी अडला. घरी सांगताना 'नापास' एवढंच सांगितलं जातं, पण इथं अकाउंट्सला 60 च्या वर आहेत म्हणून त्या पेपरला एक्झम्प्शन मिळतं. पुढच्या वेळी तो पेपर द्यायचा नाही, त्याचे 62 बेरजेत धरले जातात, आणि लॉ टॅक्स मिळून 88 आणले, दोन्हीत 40 च्या खाली न जाता, की ग्रुप निघाला. अट एकच, त्या अटेम्प्टला ग्रुपचे तिन्ही पेपर दिलेले पाहिजेत, म्हणून एक पेपर वाईट गेला म्हणून पुढच्या पेपरला न जाणाऱ्यांचं मला खरंच वाईट वाटतं, हातात आलेलं एक्झम्प्शन असं जातं.

आता ह्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी बऱ्याच जणांना उशिरा कळते. एक्झम्प्शन लगेच पुढच्या 3 परीक्षांपुरतं असतं. आधी परीक्षा वर्षातून दोनदा व्हायची तेव्हा दीड वर्ष मिळायचं, इंटर आता जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशी तीनदा होते, म्हणजे तेच एक्झम्प्शन एका वर्षात संपतं. 'ह्या वेळी तयारी नाही, पुढच्या वेळी बसतो' म्हणून फॉर्म भरला नाही तरी ती परीक्षा मोजली जाते. तिन्ही संधी गेल्या तर पर्मनंट एक्झम्प्शन घेता येतं, पण मग उरलेल्या प्रत्येक पेपरात 40 नाही, 50 लागतात. लॉ आणि टॅक्समध्ये चाळिशीत अडकलेल्या पोराला हा 10 मार्कांचा फरक लई जड जातो, त्यामुळं जमतंय तोवर पहिल्या तीनमध्येच काढा.

दुसरं काम उत्तरपत्रिकेचं. रिझल्टपासून महिन्याच्या आत दोन वेगवेगळे अर्ज करता येतात. व्हेरिफिकेशनला पेपरमागं 100 रुपये, त्यात एखादं उत्तर तपासायचं राहिलं का आणि बेरीज बरोबर आहे का एवढंच बघतात, पेपर परत तपासत नाहीत, रिव्हॅल्युएशन आयसीएआयच्या, म्हणजे ही परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या, नियमातच नाही. सर्टिफाइड कॉपीला, म्हणजे आपल्या तपासलेल्या उत्तरपत्रिकेच्या प्रतीला, पेपरमागं 500. माझं मत विचाराल तर 35 ते 39 मध्ये अडकलेल्या पेपरची कॉपी मागवाच, मार्क वाढतील म्हणून नाही तर आपण लिहितो काय ते दिसावं म्हणून. कॉपी शेजारी सजेस्टेड आन्सर्स (आयसीएआयची नमुना उत्तरं) ठेवून बघा, लॉमध्ये निष्कर्ष बरोबर पण तरतूदच लिहिलेली नाही, टॅक्समध्ये उत्तर आलं पण वर्किंग नोट नाही, असं पानोपानी सापडतं. क्लास बदलायचा निर्णय हे बघून झाल्यावर घ्या.

फॉर्म आयसीएआयच्या सेल्फ सर्व्हिस पोर्टलवर भरायचा. रजिस्ट्रेशन नंबर, पासवर्ड, स्वतःचा फोटो आणि सही नीट दिसतीय का तपासा, आणि मुख्य म्हणजे मोबाइल नंबर. गावाकडं बऱ्याच जणांचं पहिलं रजिस्ट्रेशन नेट कॅफेवाल्यानं केलेलं असतं, नंबर किंवा ईमेल त्याचाच टाकलेला, नाहीतर बंद पडलेलं सिम, मग शेवटच्या दिवशी ओटीपी येत नाही. हे आजच दुरुस्त करा. फी एका ग्रुपला 1500, दोन्हीला 2700, उशीर झाला तर 600 जादा. ग्रुप, माध्यम आणि एक्झम्प्शनचा पेपर बरोबर दिसतोय का बघितल्याशिवाय पैसे भरू नका. माध्यम इंग्रजी किंवा हिंदी, मराठी नाही.

दोन्ही ग्रुप सोबत द्यायचे का हा प्रश्न राहतो. प्रत्येक पेपरात 40 आणि दोन्ही मिळून 600 पैकी 300 झाले तरी पास धरतात, म्हणजे एका ग्रुपची कमी दुसऱ्यानं भरून निघते. ज्यांचे सगळे पेपर चाळिशीच्या पुढं आहेत त्यांनी धाडस करावं, ज्यांचे दोन-तीन पेपर तिशीत आहेत त्यांनी एकच ग्रुप घेतलेला बरा.

अभ्यासाला जुन्या बॅचच्या नोट्स घेताना टॅक्सची तेवढी काळजी घ्या, कुठल्या वर्षाचा फायनान्स अ‍ॅक्ट (कराचे नियम बदलणारा कायदा) लागू आहे ते अटेम्प्टनुसार बदलतं. आयसीएआयच्या बोर्ड ऑफ स्टडीजच्या साइटवर त्या अटेम्प्टचं आरटीपी (रिव्हिजन टेस्ट पेपर), मॉक टेस्ट पेपर आणि स्टॅच्युटरी अपडेट (कायद्यातले बदल) फुकट मिळतं, तेवढं तरी काढाच. प्रत्येक पेपरात 30 मार्क एमसीक्यूचे (पर्याय निवडायच्या प्रश्नांचे) असतात आणि इंटरला निगेटिव्ह मार्किंग नाही, एकही गोल रिकामा सोडू नका.

सेंटर संभाजीनगर, नांदेड, लातूर ह्यातलं घरापासून सोयीचं टाका. पेपर दुपारी 2 ला सुरू होतो, मे महिन्यात आपल्याकडं त्या वेळी अंग भाजून काढणारं ऊन असतं, आणि औंढ्याहून किंवा उदगीरहून सकाळच्या एसटीनं येऊन पेपर देणं अंगावर येतं. नातेवाइकांकडं किंवा मित्राच्या रूमवर आदल्या रात्रीच मुक्कामाला जा, हॉल तिकिटाची प्रिंट आणि ओरिजिनल आधार सोबत घेऊन.