गॅमा प्रोब आणि आयसीजी कॅमेरा, दोन्हीला ‘लाईट’ म्हणू नका

कळव्याच्या मावशीला ब्रेस्ट कॅन्सरच्या ऑपरेशनआधी सांगितलं की एक रेडिओॲक्टिव्ह इंजेक्शन देणार आणि एक चमकणारा डाय पण, तर ती घाबरलीच, म्हणे अगं म्हणजे आत्ताच शेक? आपल्याकडे रेडिएशनच्या उपचाराला सरसकट "लाईट घेतला" किंवा "शेक" म्हणतात ना, मग घोळ होणारच. शेकाशी या दोन्हीचा काही संबंध नाही. दोन्ही काखेतला तो पहिला लिम्फ नोड (लसिकाग्रंथीची छोटी गाठ) शोधायला असतात, कॅन्सर पसरलाच तर आधी जिथे पोचेल तो. तो काढून तपासला आणि साफ निघाला तर काखेतल्या बाकीच्या गाठी सहसा काढाव्या लागत नाहीत, नंतर हात सुजायचा धोका बराच कमी होतो.

रेडिओॲक्टिव्ह इंजेक्शन म्हणजे टेक्नेशियम-९९एम, दर ६ तासांनी निम्मं होणारं (याची किट्स आपल्या वाशीच्या ब्रिट या सरकारी संस्थेतून हॉस्पिटलांना जातात). याची गॅमा किरणं शरीरातून बाहेर येतात म्हणून चीर द्यायच्या आधीच स्कॅनवर कळतं की नोड कुठे आहे, एक आहे की दोन, आणि मग ऑपरेशनमध्ये गॅमा प्रोब (ही किरणं टिपणारी हातातली कांडी) फिरवला की जवळ जाईल तसा आवाज वाढतो. पण आवाजच, दिसत काही नाही. आणि नोड इंजेक्शनच्या जागेला खेटून असला तर तिथल्याच किरणांमध्ये तो हरवतो. जिभेखालच्या कॅन्सरमध्ये ही अडचण जास्त येते.

आयसीजी, म्हणजे इंडोसायनिन ग्रीन, हा तो चमकणारा डाय, अजिबात रेडिओॲक्टिव्ह नाही. इन्फ्रारेड कॅमेऱ्याखाली तो चमकतो आणि नोड स्क्रीनवर समोर दिसतो, इंजेक्शनच्या शेजारी असला तरी. फक्त साधारण १ सेंटिमीटरपेक्षा जास्त खोल असलेलं नीट दिसत नाही, आणि रेणू लहान असल्यामुळे तो पहिल्या नोडवर न थांबता पुढच्यांमध्येही सरकतो.

म्हणून कोणतं चांगलं हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. नेदरलँड्समध्ये टेक्नेशियमवाल्या बारीक कणांनाच आयसीजी चिकटवून एकच इंजेक्शन बनवलं, कण मोठे म्हणून ते नोडमध्ये अडकून राहतात आणि जिथे आवाज तिथेच चमक. आधी प्रोबने जागा धरायची मग कॅमेऱ्याने नेमकी गाठ काढायची. किती सुंदर विचार आहे हा! बऱ्याच ठिकाणी दोन्ही वेगवेगळे टोचतात, मावशीचं तसंच होतं.

तिला एकच आठवण करून दिली, आयोडीनच्या औषधाची कधी ॲलर्जी आली असेल तर आधीच सांग, कारण आयसीजीच्या इंजेक्शनमध्ये बहुतेक वेळा थोडं आयोडाइड असतं.